बाबांनी मागितलेलं पेन

५ फेब्रुवारी १९५६, वर्धा
परवा बाबा म्हणाले, "मी मेलो का मले आपल्या देवात मिळवजो." गोंडांत मेलेल्याचा जीव कुळाच्या देवांत मिळवतात. कोणते देव, कुठल्या गावचे, तेवढं नंतर सांगणार होते. काल अर्धांगवायूचा झटका आला. मराठी पार गेली, नुसती गोंडी राहिली. ती मला येत नाही. पण मी रेकॉर्ड रूमचा क्लार्क. आठ दिवसांत सगळे पूर्वज टेबलावर हजर करतो.

९ फेब्रुवारी
आडनावावरून देव ठरतात, तेव्हा मूळ आडनाव सापडलं की देव सापडतील. कागदांत जिथे तिथे 'पुलगावकर'. मिलमध्ये लागताना बाबांनीच हे लिहवून घेतलं. शहाणपणच केलं. ऑफिसात मला कधी कुणी कुळाबद्दल काही विचारलं नाही. मीही बाबांना विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी
सुलोचना म्हणते, मामंजी सारखं 'सारुंग पेन' मागतात. मृत्युपत्र करायचं असणार! माझं फाउंटन पेन हातात दिलं. त्यांनी फेकलं. निब वाकली.
संध्याकाळी: सारुंग कंपनीचं पेन वर्ध्यात मिळत नाही. नागपूरहून मागवतो.

२१ फेब्रुवारी
तहसिलीला तिसरं स्मरणपत्र. उत्तर आलं, 'माहिती उपलब्ध नाही.' निदान उत्तर तरी आलं. बाबा माझा हात धरून बराच वेळ बोलले. मी मान डोलावली. ऑफिसला उशीर होत होता.

२७ फेब्रुवारी
सुलोचनेच्या हट्टामुळे पवनारहून तिच्या ओळखीच्या शकुबाईला आणलं. म्हातारी गोंडी बोलते. पेनाची गोष्ट सांगितली तर कपाळावर हात मारला तिने. म्हणाली, "अरे बापू, पेन म्हंजे देव. सारुंग म्हंजे सहा. सहा देवाचे लोक तुमी. तो सांगूनच राह्यला होता. गाव कोनतं म्हने?"
तिने बाबांच्या कानाशी लागून गोंडीत विचारलं. कालपासून त्यांची वाचाच बसली आहे. डोळ्यांतून फक्त पाणी आलं.

२ मार्च
बाबा गेले.

५ मार्च
शकुबाई म्हणाली, "सहा देवाचे लोक गावोगाव हाएत. तुमच्या देवाचं ठिकान सापडेतोवर त्याच्या जीवाले घरातच राहू दे. रोज दोन शब्द बोलत जाजो."
त्यांच्या खाटेपाशी बसलो. खूप रडलो. ऑफिसातली माणसं घरी येतात, गोंडी बोलू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. वीस वर्षं त्यांनी ऐकलं.
आता गोंडीत बोललात तरी चालेल, बाबा, असं म्हणालो.