जबड्याची पूर्वतयारी

४ मार्च २०१६, उदगीर
तारीख मिळाली! ६ एप्रिल. पाडव्याच्या दोन दिवस आधी. खालचा जबडा कापून मागं सरकवणार. दीड वर्ष दातांना तारा बांधून बसलोय ते याच्यासाठीच. तारांनी दात सरळ झाले आणि जबडा उलट जास्तच पुढं दिसायला लागला. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी असंच दिसतं, घाबरू नका. मी कुठं घाबरून राहिलो?
त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रक्त कमी आहे, भरपूर खा, वजन वाढवा, लोहाच्या गोळ्या घ्या. दोन, नंतर दीड महिना तोंड रबरानं बांधलेलं राहील. फक्त पातळ खाणं, बोलणं जवळपास बंद. मनाची तयारी ठेवा.
पहिली गोष्ट किरकोळ आहे. खायला काय, कुणालाही जमतं. खरी लढाई दुसरी. उद्यापासून प्रॅक्टिस. ही वही त्यासाठीच.

५ मार्च
कशासाठी हे सगळं, ते एकदा लिहून ठेवतो. धीर सुटला तर वाचीन.
आम्हा लिंगायतांच्या घरात कडक भाकरी. सगळे दातानं कडाकडा तोडतात. माझे समोरचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. मी भाकरी हातानं मोडतो, दुधात भिजवतो आणि मागच्या दाढांत सारतो. पंगतीला बसत नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगतो. माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तोंडावर रुमाल आहे. नीलाला वाटलं होतं नवरदेवाला सर्दी झालीय.
एकदा, फक्त एकदा, कडक भाकरी समोरच्या दातांनी तोडायचीय. दुसरं काही मागत नाही देवा.
आजचा आहार: ताक, वरणाचं पाणी. रात्री वरणात चार पोळ्या. कुस्करल्यावर पोळी पातळातच धरतात.

७ मार्च, महाशिवरात्र
उपवास. साबुदाण्याची खिचडी, दोनदा. साबुदाणा गिळता येतो. अव्वा म्हणाली, हे कसलं रे पातळ सिद्धराम? आईला मेडिकलचं काय कळणार.

९ मार्च
मौन सुरू. दुकानात खुणांनी व्यवहार. (आपलं भांड्यांचं दुकान. दुष्काळामुळं प्लास्टिकचे ड्रम लई खपून राहिलेत. वाईट वाटतं, पण खपतात.) एक जण ड्रम मागायला आला, झारा घेऊन गेला. प्रगती आहे.
नीला म्हणे घर किती शांत वाटतंय. तिला माझी काळजी लागलीय, दाखवत नाही.
गोळ्या सोमवारपासून.

१२ मार्च, रात्री
एक घोटाळा झाला. फार मोठा नाही.
जिल्हा समितीची मीटिंग होती. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. मी सभासद आहे, मागं बसतो. भजी आली. मी हात जोडून नको म्हटलं. चहा आला, तोही नको, गरम होता. अध्यक्ष व्यंकटराव वकिलांनी विचारलं, काय सिद्धरामप्पा, काही नेम धरलाय का? मी मान हलवली. त्यांनी विचारलं, अन्न सोडलं? मी मान हलवली, कारण तसं पाहिलं तर सोडलंच होतं. पुढं विचारलं, जिल्हा होईपर्यंत? तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.
बोलता आलं असतं. पण चार दिवसांचं मौन मोडायचं कसं? उद्या सकाळी जाऊन खुलासा करतो.

१३ मार्च
तहसील कार्यालयासमोर उपोषणाचा मंडप. गळ्यात हार. खुलासा करायला गेलो तर आधी पाया पडून घेतलं दोघातिघांनी.
एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. दिवसभर माणसं माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती आणि एकानंही जबड्याकडं बघितलं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.
शिवाय फुकटात प्रॅक्टिस. दोन-तीन दिवस काढू.

१६ मार्च
ताकही बंद. व्यंकटराव म्हणाले, ताकाचा फोटो कुणी काढला तर जिल्हा गेला. नुसतं पाणी. टँकर आला नाही तर तेही नाही. एक म्हातारी घरातल्या पाण्यातला तांब्या घेऊन आली, म्हणाली, पी लेकरा, आमच्यासाठी बसलायस. एक घोट घेतला आणि तांब्या तिला परत दिला.
नीला गोळ्या घेऊन आली. मंडपात औषध घेतलेलं कसं दिसेल? परत पाठवली. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी वजन वाढवायला सांगितलंय, तुम्ही हे काय मांडलंय? मी खुणेनं सांगितलं, इच्छाशक्ती. ती म्हणाली, तुमचा हात थरथरतोय. तो खुणेचाच भाग होता.

१९ मार्च
चौकात फ्लेक्स लावलाय. माझा. बाजूनं काढलेला फोटो. जबडा एसटीच्या बॉनेटएवढा, त्यात तारा चमकतायत. खाली ‘जिद्दीचं दुसरं नाव’. ज्याच्यासाठी जन्मभर रुमाल वापरला ते आता बसस्टँडवरून दिसतं.
व्यंकटराव म्हणतात, जबड्यामुळंच तर जिद्द दिसते. मला रडू आलं. फोटोग्राफरनं तेही टिपलं.

२१ मार्च
उठलो की डोळ्यांपुढं अंधारी. व्यंकटरावांचा हात धरला आणि मौनबिन सोडून स्पष्ट बोललो की साहेब, हे जबड्यासाठी होतं, जिल्ह्यासाठी नव्हतं, मला भाकरी द्या. ते म्हणाले, उपाशी माणूस असं बरळतोच. पत्रकारांना सांगितलं, प्रकृती खालावली, निर्धार कायम.
देवा, चूक माझी आहे. पण सोडव.

२२ मार्च
सोडवलं. तहसीलदारांनी लिंबूपाणी पाजलं, वर कळवतो म्हणाले. टाळ्या. जिल्हा नाही.
अजून वेळ आहे. भरपूर खाल्लं की वजन वाढेल. पहिली गोष्ट किरकोळच होती.

२९ मार्च, लातूर स्टँड
तपासणी झाली.
डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, मला बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला. रक्त आधीच्याहून कमी, वजन कमी, या माणसाला भूल देणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मनाची तयारी पूर्ण झालीय. त्या म्हणाल्या, जेवायला सांगितलं होतं हो, एवढं एकच काम होतं तुमच्याकडं. मी हात जोडले, टेबलावर डोकं ठेवलं. पाण्याअभावी नाहीतरी सध्या तातडीचीच ऑपरेशनं चालू आहेत म्हणे. आता पावसाळ्यानंतर बघू.
तोवर तारा तशाच. जबडा तसाच.
नीला शेजारी बसलीय. गोळ्यांची पाकिटं मोजून राहिलीय. रागावली असती तर बरं झालं असतं. उदगीरची गाडी लागलीय आणि माझ्यानं उठवत नाही.

८ एप्रिल, पाडवा
सकाळी कडक भाकरी केली होती. मी दुधात घातली. सगळे कडाकडा खात होते, मी भिजायची वाट बघत बसलो. नीलानं ताटाजवळ गोळी ठेवली. घेतली.
व्यंकटरावांचा निरोप आलाय, दुसरा टप्पा आमरण, नाव माझंच सुचलंय. अव्वानं दारातूनच कळवलं की माझा लेक जेवून राहिलाय.
फ्लेक्स उतरवला. वाया कशाला घालवायचा म्हणून अव्वानं तो मागच्या हौदावर झाकण म्हणून पसरलाय, चारी कडांना विटा. टँकरचं पाणी आठवडाभर पुरवायचं, धूळ जायला नको. छापील बाजू वर.
संध्याकाळी घागर घेऊन गेलो. पाणी घ्यायचं तर जबडाच उचलावा लागतो. वाकलो, विटा काढल्या, दोन्ही हातांनी धरून मागं सरकवला.
नीला म्हणाली, हळू, पाण्यात कचरा पडेल.