गायरानावर आखलेलं मैदान

गुरुजी,

तुम्हाला चेंडू फेकता यायचा नाही, हे आधी सांगून टाकतो. हैदराबादेत शिकताना तुम्ही कुणा अमेरिकन पादऱ्याकडून बेसबॉल उचललात आणि बदलीबरोबर जाफराबादेजवळच्या आमच्या गावात घेऊन आलात. खेळायला उभे राहिलात की पोरं तोंड फिरवून हसायची. पण मैदान आखायचं म्हटलं की तुमच्या अंगात यायचं. गावाबाहेरच्या गायरानावर तुम्ही दोन दगड रोवलेत आणि त्यांना चुना फासलात. एक घर, जिथून टोला मारायचा. दुसरा, थेट समोरचा दुसरा बेस; बेस म्हणजे धावत जाऊन टेकायचा थांबा. एका लांब दोरीची टोकं त्या दोन दगडांना बांधलीत, दोरीच्या बरोबर मध्यावर गाठ मारलीत आणि ती गाठ माझ्या हातात दिलीत. ताणत बाजूला जा, दोन्हीकडं दोरी ताठ झाली की तिथं पहिला बेस, म्हणालात. मी वर्गात सगळ्यांत उंच आणि आमच्या घरातून शाळेत गेलेला पहिलाच. फुशारून निघालो.

गायरान कागदावर सरकारचं असेल, पण तिथं चरायची आमची मेंढरं. दोरी ताठ होत आली तेव्हा समोर बा उभा होता. मागं मेंढरं, आणि भावकीतले चौघे काठ्या घेऊन. तुम्ही परगावचे, तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं की थोड्याच वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडं मोजणीची साखळी घेऊन माणसं आली होती, असेच पांढरे दगड रोवून गेली होती आणि पुढच्या हंगामाला तिथं दुसऱ्याच कुणाचा कापूस उभा राहिला होता. तेव्हापासून चुन्याचा दगड दिसला की आमची माणसं काठ्या घेऊन बाहेर पडायची.

बा माझ्याकडं बघतो आहे, तुमच्याकडं नाही.

"मोजणी करून राह्यला का रं तू?"

"न्हाई बा, खेळाचं हाय."

"खेळाला चुन्याचे दगड लागतेत व्हय? पल्याड बी असेच आल्ते. सोड ती दोरी."

तेवढ्यात लांबून तुम्ही ओरडता, "गाठ हलवू नकोस! बिलकुल हलवू नकोस!"

"सोड म्हन्तो ना. न्हाई तं उद्यापासून शाळा बंद. चल मेंढरामागं, जल्दी."

बाचा शब्द म्हणजे शब्द, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या तळहाताला घाम सुटला, दोरी निसटायला लागली, तशी मी ती मनगटाला गुंडाळली. का, ते तेव्हा कळलं नाही. तुम्ही धापा टाकत आलात आणि आल्या आल्या घोळ घातलात. "ज्यातलं कळत नाही त्यात पडू नका," असं माझ्या बाला म्हणालात, त्याच्याच रानात उभे राहून. तुमचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. चुलत्यानं काठी उचलली. बानं हात आडवा केला म्हणून ती तुमच्या डोक्यात बसली नाही. तुमचे ओठ पांढरे पडले होते. तुम्ही आवाज खाली आणलात.

"मग मामा, तुम्हीच सांगा. काय ठेवू?"

 बाला कुणी असं विचारत नसे. "सांजच्याला उचलून नेता यील असं ठेवा. दगड न्हाई."

तुम्ही दोन्ही दगड स्वतः उपटलेत, कोटभर चुना माखून घेतलात. शाळेतून पोती आणवलीत, त्यांत कडबा कोंबलात आणि ओशाळं हसत म्हणालात, "खरं म्हणजे या खेळात पोतीच असतात. वाऱ्यानं उडतील म्हणून मीच शहाणपणा केला." बानं एक पोतं एका हातानं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. पोत्यानं कुणी हद्द घालत नाही, एवढं त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो.

पुढं किती खेळलो आपण! मेंढरं मधे आली की डाव थांबायचा आणि तुम्ही चरफडायचात. मग तुमची बदली झाली, मागोमाग तुम्ही वारल्याची बातमी आली. निजामाची राजवट संपल्यावर नव्या सरकारचा माणूस जमिनी लिहून घ्यायला आला. ही जागा कशाची, असं त्यानं विचारलं आणि गावानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, शाळेचं मैदान. भोवती तारेचं कुंपण घातलं गेलं. चरायला रान उरलं नाही, बानं मेंढरं विकली. त्या दिवशी तो मला इतकंच म्हणाला, "दगडाची गरजच न्हाई पडली, बघ."

बा बरोबर होता, गुरुजी. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, तरीही तोच बरोबर होता. पुढं मी शिकलो, मास्तर झालो, निवृत्तही झालो, आणि इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी घाबरून माझे हात आखडले होते. तसं काही नव्हतं. बा शाळा बंद करील हे माहीत असूनही मला तुमच्या, शाळेच्या बाजूला उभं राहायचं होतं, आणि त्यापायी रान गेलं असतं तरी मी ती गाठ सोडली नसती. याचं वाईट वाटावं म्हणून पुष्कळ प्रयत्न केला, वाटत नाही. बाला हे सांगायचं धैर्य झालं नाही. आणि तुम्ही असतात तरी हे तुम्हाला पाठवलं नसतं, कारण वाचून तुम्ही खूश झाला असतात.