न बोलावता येणारा सुतार

८ ऑक्टोबर २००१, सोमवार

१. आमचे बिल्डर जयवंत सरांनी चंदनसारच्या नव्या इमारतीच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान माझ्याकडे दिलं.
२. त्यावर चार नावं – टाइल्स, नळ, ग्रिल, दारं. फ्लॅट घेणाऱ्यांनी कामं यांच्याकडूनच करून घ्यावीत, ही सरांची इच्छा.
३. सरांचा मथळा : 'आमचे मान्यताप्राप्त कारागीर'.
४. मान्यता कोणी दिली, असं मी विचारलं. "तू सिव्हिल डिप्लोमावाली. तूच दे!"
५. दारांसमोर पापडीच्या सुताराचं, प्लासिडकाकांचं नाव, पेन्सिलने. ती जागा एका प्लायवूडवाल्याला हवी आहे. काकांकडे सध्या दुसरं काम नाही.

९ ऑक्टोबर

'सर्वोत्तम' – कशाशी ताडून? 'विश्वासू' – घरगड्याला म्हणतात. 'खात्रीचे' – खात्री मी केलेली नाही. सगळे खोडले.

नळवाल्याचं सोपं आहे. आठ वर्षं, सहा इमारती. मोजता येतं तेवढंच लिहायचं. काकांचं काय मोजू?

११ ऑक्टोबर

सापडलं.

पापडीच्या घराची दारं काकांनी केली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. दरवर्षी पाऊस सरला की ते यायचे. निरोप नाही, काही नाही. पिशवीत रंधा. एकेक दार उघडून, लावून बघायचे, कान लावून ऐकायचे. मग रंधा चालायचा आणि लाकडाचे कुरळे साळपे माझ्या केसांत. मी त्यांच्या बांगड्या करायची. पप्पा चहा आणून द्यायचे, शेजारी बसायचे. दोघंही बोलायचे नाहीत. आम्ही घर सोडेपर्यंत अकरा वर्षं.

आताच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटची दारं फुगत नाहीत. कुणी येतही नाही.

लिहिलं : 'पावसाळ्यानंतर न बोलावता येऊन दारं तपासतात.'

१२ ऑक्टोबर

सर खूश! प्लायवूडवाल्याला नाही म्हणतो, म्हणाले. मग – "हीच ओळ चौघांपुढे टाक."

बाकीचे येत नाहीत, मी म्हटलं.

"कोण बघायला जातंय, ॲनिशा?"

टाकली नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर काकांकडे गेले. त्यांच्याबद्दल छापायचं, तर त्यांना विचारायला हवं. ओळ वाचून दाखवली. थेरेसाकाकी हसायला लागल्या. काका हसले नाहीत.

म्हणाले, असे ते फक्त आमच्याकडेच यायचे. बाकी कुणाच्या दारांना कधी गरज पडली नाही. आमच्या दारांच्या वेळी घाई होती, लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, तरी लावलं.

"एवढी शिकलीस पोरी, दार दरवर्षी का अडतं ते तुला कळलं नाय?"

नाही कळलं. लाकडातल्या ओलाव्यावर मी परीक्षेत पूर्ण गुण घेतले होते.

पप्पांना पहिल्याच वर्षी कळलं होतं म्हणे. कधी बोलले नाहीत.

ओळ काढू का, असं विचारलं. जागा जाईल, हेही सांगितलं. काका म्हणाले,

"छापायचं तर खरं छाप."

१५ ऑक्टोबर

सरांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल :

सर, मथळा काढला आहे. प्रत्येक नावापुढे मला ठाऊक असलेली एकच गोष्ट लिहिली आहे. प्लासिडकाकांची ओळ बदलली : 'एकदा कच्चं लाकूड वापरलं. ती चूक निस्तरायला अकरा वर्षं, न बोलावता, आले.' त्यांची संमती आहे. हे असंच छापणार का, ते शुक्रवार, १९ तारखेपर्यंत कळवावं.