आठवी सही

मंगळवार, ३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला कारण आहे, पण ते मागाहून. आधी सांगते, मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण टेकडी चढून शाळेत पोचेपर्यंत त्याचाही आवाज बंद होतो. तू वेळेवर जेवतेस ना? शनिवारी बैठकीत तुझे डोळे फार ओढलेले दिसले. फोनच करणार होते. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मध्येच ठेवते, म्हणून लिहिते आहे. शिपाईमामा आणून देतील. त्यांना चहा दे, उन्हातून येतील.

आता शनिवारचं. मी तसं उठून जायला नको होतं. ‘तुला शाळा चालवायचीय की किराणा दुकान?’ असं आईने मुलीला सगळ्या मुख्याध्यापकांदेखत म्हणायला नको होतं. पण खडूचं मी बोलले ते खोटं नाही. तो नमुन्याचा खडू फळ्याला टेकवला आणि त्याचं पीठ झालं. स्वस्त मिळतो म्हणून काहीही घ्यायचं का?

तुझी कल्पना वाईट आहे असं नाही म्हणत मी. आठ शाळांनी कागद, खडू, दिवे, फिनेल, बाक सगळं मिळून मागवायचं, म्हणजे मागणी मोठी होते आणि भाव उतरतो. न कळायला काय झालं? घाऊक बाजारात एकटीने घासाघीस करण्यात माझी हयात गेली. पण पुढच्या दोन वर्षांची पटसंख्या आत्ताच लिहून द्या, तेवढा माल उचलायलाच हवा, ही अट कशाला? मुलं म्हणजे काय पोती आहेत, मोजून गोदामात ठेवायला?

मध्येच उठले होते. खिडकी लावून आले, मग गुदमरायला लागलं म्हणून पुन्हा उघडली. आज हे असंच चाललंय. सकाळपासून ऑफिसात बसवेना म्हणून पहिलीच्या वर्गात येऊन लिहिते आहे. इथे शांत असतं सध्या.

चित्रकलेच्या बाईंनी दुसरीकडे अर्ज केलाय असं कानावर आलं. मी विचारलं नाही. खात्याचे साहेब पुन्हा येऊन गेले. या वेळी फारच गोड बोलले, चहाचं कौतुक केलं, छताकडे पाहिलं. त्यांनी ओरडलेलं परवडतं. टेकडीखालचा कारखाना बंद झाल्यापासून खालची गल्ली ओस पडलीय, त्यामुळे… असो. ते जाऊ दे.

तर माझी सही धरू नकोस. सात जणांचं चालू द्या. रागावू नकोस.

आई

*

गुरुवार, ५ मार्च

ती. आईस,
नमस्कार.

शिपाईमामांना चहा दिला. त्यांनी दोनदा घेतला आणि तुझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तू त्यांना चांगलं पढवून ठेवलंयस.

जेवते मी वेळेवर. शनिवारी मात्र जेवले नाही.

तुझ्याशिवाय सात जणांचं चालत नाही, आई. तुझा आकडा नसला तर एकूण मागणी त्या भावाला पुरत नाही, हे मी बैठकीत सांगतच होते, तेवढ्यात तू दार आपटलंस. माझी शाळा एवढी मोठी आहे की मला एकटीला भाव पाडून मिळतो, आत्ताही मिळतो. मग मी वर्षभर या सातजणांच्या मागे का धावले? तू ऐन सुट्टीत डोक्यावर ऊन घेऊन बाजारभर फिरतेस आणि माझ्यापेक्षा महाग कागद घेऊन येतेस, ते मला बघवत नाही म्हणून. हे उघड सांगायला लावलंस, आता खूश?

आणि त्या खडूचं. तो नमुना विक्रेत्याने पाठवलेलाच नव्हता. सध्या कोण काय वापरतं हे बघायला मी प्रत्येक शाळेच्या शिपायाकडून एकेक डबी मागवली होती. तू पीठ केलंस तो खडू तुझ्याच कपाटातला होता. नदीकाठावरच्या शाळेचे सर रुमाल तोंडाला लावून खोकत होते ना, ते खोकत नव्हते.

म्हणून आता खडू नको, पोती नकोत. काय झालंय ते सांग. पहिलीच्या वर्गात शांत कसं असतं, आई?

तुझी,
भिंगरी

*

सोमवार, ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खडूचं वाचून आधी कान तापले, मग हसायला आलं, आणि हसता हसता मी एकटीच रडायला लागले. बरं झालं दार लावलं होतं.

पहिलीत कुणीच नाही गं. या वर्षी एकही मूल आलं नाही. मी घरोघर फिरले. अर्ध्या घरांना कुलपं, आणि ज्यांना नाहीत त्यांच्या घरी लहान मुलंच नाहीत. साहेब गोड बोलले ते हेच, की पुढचं वर्ष देतो, तोवर पट वाढला नाही तर शाळा बंद. नाइलाज आहे म्हणाले. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

आता तूच सांग, दोन वर्षांचा आकडा मी काय लिहिणार होते? खोटा लिहिला तर दुसऱ्या वर्षी माझा माल उचलणार कोण? बाकीच्या सातजणांच्या गळ्यात पडला असता. आणि खरा लिहिला तर माझी शाळा संपली हे माझ्याच हाताने, तुझ्यासमोर, तुझ्या ग्रंथालयात बसून लिहायचं होतं. पेन उघडलं होतं मी. तेवढ्यात समोर खडू दिसला.

तुझं पत्र आल्यावर आधी शिक्षकांच्या खोलीत गेले. त्यांना अंधारात ठेवून तुला सांगणं बरं दिसलं नसतं. सगळ्यांना बसवलं आणि पटाचं रजिस्टर उघडलं. तेव्हा खेळाचे सर म्हणाले, “बाई, आम्हाला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या सुट्टी…” असं काही म्हणणार होते बहुधा, पण चित्रकलेच्या बाईंनी त्यांना अडवलं. म्हणाल्या, “तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होतो. तुमच्यासमोर साधं बोलायचीही चोरी झाली होती.”

किती दिवस मी त्यांना जपते आहे असं समजत होते! जपत होते ते मला. बाईंनी अर्ज केलाय हे खरं. त्यांना शिफारसपत्र हवं होतं आणि ते मागायला जीभ रेटत नव्हती. तिथेच बसून लिहून दिलं.

मग काठावरच्या सरांकडे गेले. तुझ्याकडे आधी यायचा धीर नव्हता, हे समजून घे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दोन वर्षांचं माझं तरी कुठे नक्की आहे, बाई? मी छातीठोकपणे लिहून दिलं खरं, पण त्या दिवसापासून झोप उडालीय.” आणखी दोघांनीही त्यांच्याजवळ तेच बोलून दाखवलं होतं म्हणे. आम्ही सगळे एकमेकांना शूर समजत होतो. त्यांनी माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. तो कबूल झाला: प्रत्येकाने फक्त पुढच्या वर्षाचा आकडा द्यायचा, नंतरचा दर वर्षी नवा. भाव थोडा चढेल, पण आम्ही एकेकटे मोजतो त्याच्या पुष्कळ खाली. सरांनी तुला कळवलं असेलच. कारण सांगू नका असं मीच म्हटलं होतं, ते माझ्या तोंडून यायला हवं होतं.

सही केलेला कागद सोबत आहे. आकडा छोटा आहे, पण खरा आहे.

काम झालं, तरी मला चैन नाही. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत चाललंय. आणखी एक मागायचं आहे, ते लिहिल्याशिवाय थाऱ्यावर यायची नाही. मी अजून हरलेले नाही. सुट्टीत पलीकडच्या वस्तीत फिरणार आहे. पण शाळा बंद झालीच तर माझी मुलं तुझ्याकडेच येतील. तुझे वर्ग मोठे आहेत. माझ्याकडे बाई वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतात, त्याची त्यांना सवय आहे. सुरुवातीचे काही दिवस त्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकू नकोस, एकत्र बसव. त्यातली एक मुलगी प्रश्नाला उत्तर देत नाही, पण सगळं येतं तिला. नुसती तिच्या बाकाजवळ उभी राहा, आपोआप बोलते.

आणि त्यानंतर मी काय करायचं ते मला माहीत नाही. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, तुला म्हणते आहे.

रविवारी ये. शाळेचा विषय काढलास तरी चालेल, मी उठून जाणार नाही.

तुझी,
आणखी एक वर्ष मुख्याध्यापिका, आणि त्यानंतर नुसतीच
आई