आबांची हस्तिदंती क्यू

६ फेब्रुवारी १९६०, शनिवार.
ठरलं. आबांची क्यू विकायची. दादरला ब्लॉक घ्यायचा. मोरी घरातच, संडास स्वतःचा. मे महिन्यात लालबागची चाळ सोडायची म्हणजे सोडायची.

आबा, माझे वडील, साहेबलोकांच्या क्लबात मार्कर होते. बिलियर्डच्या टेबलापाशी उभं राहून गुण सांगायचे. मायदेशी परतताना एका साहेबाने त्यांना आपली क्यू, म्हणजे खेळायची लांब काठी, दिली. टोकाला हस्तिदंताचं टोपण आहे, अस्सल. शेवटच्या आजारात आबा म्हणाले होते, विकू नकोस. पण अंगात ताप होता. त्यांना स्वस्तात विकू नकोस असंच म्हणायचं असणार.

९ फेब्रुवारी, मंगळवार.
गिरगावात शामरावांकडे गेलो. त्यांचं जुन्या शौकाच्या वस्तूंचं दुकान आहे. टोपण उजेडात धरून म्हणाले, वा, अस्सल हस्तिदंत. आणि लगेच विंचू हातात आल्यासारखी क्यू परत केली. म्हणाले, कायदा आहे. हस्तिदंत विकायचा तर लायसन्स पाहिजे, आणि माल कुठून आला त्याचा कागद. कागद आहे?
साहेब विलायतेला, आबा स्वर्गात. कागद कोण देणार?
ट्रॅममध्येच तोडगा सुचला. हस्तिदंत नाहीच मुळी. हाड आहे! हाडाला कोण विचारतो? चौकशीला कोणी घरी आलंच तर दोघांचं एक असावं म्हणून बकुळालाही तसंच सांगितलं.
हे जरा घाईत झालं. क्यू आजवर देव्हाऱ्याशेजारी उभी होती. हत्तीचा दात म्हणजे गणपतीचाच, म्हणून बकुळा दर चतुर्थीला टोपणाला कुंकू लावायची. ती म्हणाली, अहो, म्हणजे इतकी वर्षं मी हाडाला हळदकुंकू वाहिलं? पोळ्या अर्धवट टाकून आंघोळीला गेली.

१० फेब्रुवारी.
क्यू मोरीच्या कोपऱ्यात गेली. खोळ घातलेली आहे, तेव्हा काळजी नाही. तात्पुरतीच सोय.

१३ फेब्रुवारी, शनिवार.
शामरावांना सांगितलं, नीट पाहिलं, हाड आहे. ते हसले. म्हणाले, मग ही नुसती काठी आहे, आणि काठ्या मी विकत नाही. शिवाय मंगळवारी मी हस्तिदंत पाहिला, शनिवारी त्याचं हाड झालं, हे मी कोणाला सांगू?
माणसाला धंद्याची दृष्टी नाही.

२२ फेब्रुवारी. सकाळ.
अंथरुणात होतो. डोक्यावर चादर. एकदम आवाज आला. टोक. चेंडूवर चेंडू आपटल्यासारखा. मग पुन्हा, टोक.
घरात टेबल नाही, चेंडू नाहीत. चादर घट्ट धरून पडून राहिलो.

२३ फेब्रुवारी.
पुन्हा. टोक, टोक, टोक. त्यानंतर चादरीवर थंड थेंब पडला. अगदी तोंडावर. आबा रडत असावेत.

५ मार्च.
रोज होतं. आता मला आबांचा आवाजही स्पष्ट आठवतो. साहेब चुकला तरी किती अदबीने सांगायचे, फाऊल, साहेब. मी मॅट्रिकला बसलो, निकाल लागला, तेव्हाही त्यांनी एवढंच म्हटलं. तोच सूर.
पण आज डोकं चाललं. हस्तिदंताचा कायदा आहे कुणाचा? मुंबई राज्याचा. हे मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य तर मोडणार! राज्यच नाही तर कायदा कुठला? नवा होईपर्यंत दोन-चार दिवस तरी मोकळे मिळतील. तेवढ्यात क्यू विकून टाकायची.
शेजारच्या कोंडीरामला हे बोललो. तो संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस, मोर्च्यात डोकं फोडून घेतलेला. पोट धरून हसला. म्हणाला, अरे, आम्ही काठ्या खाल्ल्या त्या काय तुझी काठी विकायला?
चळवळीतल्या लोकांना कायदा कळत नाही.

२८ मार्च, पाडवा.
आबांना बरं वाटावं म्हणून बकुळाला सुचवलं, यंदा गुढीला क्यू घेऊ. ती म्हणाली, हाडाची काठी गुढीला? शुद्धीवर आहात ना? गुढी वेळूचीच उभारली.
टोक मात्र सणालाही चुकला नाही.

१६ एप्रिल.
बकुळाला सहज विचारलं, सकाळी काही ऐकू येतं का गं? म्हणाली, तुमचं घोरणं. मी रामप्रहरी उठते, धुणं आटपते, पाणी भरते, तरी ते चालूच.
म्हणजे तिला ऐकू येत नाही. फक्त मला येतं. उद्या चादर बाजूला करून आबांना तोंड दाखवायचं. एकदाच सगळं समजावून सांगायचं. नक्की.

१७ एप्रिल.
चादर काढली नाही. थंडी होती.

१ मे, रविवार.
महाराष्ट्र झाला! चाळीला तोरणं, पताका, दिव्यांच्या माळा. कोंडीरामने प्रत्येकाच्या तोंडात पेढा कोंबला. चाळीतला म्हातारा गुणाजी गॅलरीत उभा राहून रडत होता. मीही डोळे पुसले. जुनी राजवट गेली, हस्तिदंत मोकळा झाला. बकुळाला म्हणालो, दादरला पडदे कोणत्या रंगाचे लावू या? ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

३ मे, मंगळवार.
ऑफिसला दांडी मारून, क्यू घेऊन शामरावांकडे. त्यांना राज्य, द्विभाषिक, मधले मोकळे दिवस, सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, पाटी बदलली हो. कायदे जिथल्या तिथे आहेत. पण आणलीच आहे तर दाखवा.
खोळ काढली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.
टोपणाला आरपार चीर. एका बाजूचा टवका उडालेला. चिरेत निळीचा डाग. साबणाचा वास.
शामरावांनी विचारलं, तुम्ही हिने खेळता की कपडे धुता? आता लायसन्स असतं तरी मी घेतली नसती.
घरी आलो. बकुळाला विचारलं. ती जराही गडबडली नाही. म्हणाली, वाळत घालायची काठी फेब्रुवारीत मोडली. आपली दांडी छताला, माझा हात पुरत नाही. ही बरोबर उंचीची. काम झालं की परत खोळीत ठेवते. धुतलेल्या लुगड्याला देवाजवळची वस्तू कशी लावली असती? पण ही हाडाची. तुम्हीच सांगितलंत ना?
लोखंडी दांडी नेमकी माझ्या अंथरुणावर आहे. टोपण आपटलं की टोक. ओल्या लुगड्याचं पाणी खाली.

४ मे.
नवी वेळूची काठी आणली. क्यू पुसून खोळीत घातली. भूतबित काही नव्हतं. दादरचं पुढे बघू.

५ मे.
आज आवाज नाही.

९ मे.
पहाटेपासून जागा आहे. चादर डोक्यावर घेऊन पाहिली. चादर काढून पाहिली. बकुळाने सगळं धुणं वाळत घातलं, जराही आवाज नाही. इतके दिवस आबा रोज सकाळी यायचे. आता येत नाहीत.

११ मे, बुधवार.
बकुळाला म्हणालो, वेळूची काठी तुला जड पडते. क्यूच घेत जा. ती म्हणाली, मी कधी म्हटलं जड पडते म्हणून? पण घेतली.
टोक. लुगड्याचा थेंब कपाळावर पडला. पुसला नाही. चादरीतूनच हळू म्हणालो, फाऊल, साहेब. ती म्हणाली, अहो, मला काही म्हणालात? म्हटलं, नाही.
ते हाड नाही, हस्तिदंत आहे, हे तिला आज सांगणार होतो. पण सांगितलं तर ती क्यू पुन्हा देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवील. तेव्हा नाही सांगत.