आत्याबाईंचं नाक

३ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा अंडं उकडलं! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — सहावा महिना, रक्त कमी, रोज एक तरी खाच. आणि या घरात अंड्याचं नावही निघत नाही. सासूबाई देवळात गेल्या की उकडायचं, टरफलं जास्वंदीच्या कुंडीत पुरायची, मग घरभर ऊद फिरवायचा. अख्ख्या आळंद गावात माझ्याइतका ऊद कुणी जाळत नसेल.

आज आत्याबाई — सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते — लवकर परतल्या. ऊद राहिलाच होता. शेगडीपाशी उभ्या राहून पाणी प्यायल्या. बोलल्या काहीच नाहीत.

५ डिसेंबर

अजून गप्प! श्रीहर्षला कलबुर्गीला फोन केला. "कळलं असतं तर आई बोलली असती," म्हणे. नवऱ्याला काय जातंय बोलायला!

दारातली जास्वंद भरून फुललीय, तरी आत्याबाई पूजेला शेजारून फुलं आणतात. कामून, हे विचारायचा धीर होत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

दुपारी स्वयंपाकघरात सडक्या अंड्याचा वास. मी तर आज उकडलंच नव्हतं! मग ध्यानात आलं — गॅस. आत्याबाई शेगडीपुढे, हातात काडेपेटी. ती हिसकावली, सिलिंडर बंद केला, त्यांना ओढत अंगणात नेलं.

"कामून ओढायलीस?"

"वास येत न्हाई का तुम्हाला?"

खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. त्या तापापासून कशाचाच येत न्हाई. सांगितलं असतं तर चुलीपासून उठवलं असतंस मला."

गॅसवाला वीरण्णा आला. रबरी नळी चिरली होती. बदलताना म्हणाला, "अक्का, गॅसला सोताचा वास नसतोय. गळालाय ते माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घालत्यात." आणि ज्याला तो वासच येत नाही, त्याने काय करायचं? महिन्याभराने मी बाळंतपणाला माहेरी जाणार. मग घरात त्या एकट्या, हातात काडेपेटी. जीव थाऱ्यावर नाही.

आणि लाज वाटते लिहायला, पण हायसंही वाटलं. म्हणजे माझी अंडी कळलीच नाहीत!

८ डिसेंबर

सांगून टाकलं — मी माहेरी जात नाही, आईलाच इकडे बोलावते. आत्याबाईंनी फुलांची परडी उचलली.

"टरफलं जरा खोल पुरत जा. वास न्हाई आला तरी झाडाला पाणी घालताना रोज दिसत्यात मला."

आणि शेजारी फुलं आणायला गेल्या.