ट्रेलर जोडला की काटा पडतो

४ डिसेंबर, सोमवार
आलो बाबा एकदाचा सिरसाळ्याला! बारा वर्षं केजला दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे केले. आता हंगामापुरता का होईना, बंकट आण्णांच्या आठ ऊसगाड्यांचा मी एकटा मिस्त्री. यार्डातच पत्र्याची खोली दिली. पंखा हाय, मोरी हाय. योगिता म्हणली, खोली झ्याक हाय, पण हा रंग कोण्या आंधळ्यानं दिला. बायको चेष्टा करती म्हणजे खूश हाय. ही डायरी आण्णांची, खताच्या दुकानात फुकट भेटलेली. काम करता करताच लिवून ठेवायची मला जुनी खोड हाय, योगिता त्यावरून लई हसती.

५ डिसेंबर
पहिलीच गाडी नखरेल भेटली. जुना ट्रक, मागं ट्रेलर, ड्रायव्हर भागवत. धर्मापुरीकडनं ऊस भरून येताना गावाअलीकडच्या चढाला डिझेलचं प्रेशर पडतं अन् इंजिन बंद. तीन मिस्त्री हरले म्हणं. हरतेलच की! उभ्या गाडीवर बघत बसले. हा आजार वजन ओढतानाच दिसतो. मी फिल्टर बदलले, खालचं पाणी सोडलं, प्रेशरचा मीटर लावला अन् लांब रबरी पाइपनं कॅबिनमध्ये काचेपुढं आणून बांधला. उद्या मी बसणार, काटा बघणार, लिवणार.

६ डिसेंबर
सपाटीला मीटरचा काटा दोन किलोवर. चढ लागला, दीड. निम्म्या चढाला अर्धा. मग शून्य, इंजिन बंद. लोड गाडी मागं सरकाया लागली. तेवढ्यात मागं धप्प झालं, गाडी थांबली. ट्रेलरच्या फळीवर तीन थापा पडल्या. काटा आपोआप दोनावर आला, भागवतनं एका सेल्फात गाडी उचलली.

ही इकडची रीत हाय. ट्रेलर ट्रकला जोडायच्या दांडीवर एक माणूस बसतो. गाडी चढावर थांबली की उडी मारून चाकामागं दगड लावायचा, हात काढून घ्यायचा अन् फळीवर तीन थापा द्यायच्या. उसानं आरसा झाकलेला असतो, म्हणून ड्रायव्हर बघत न्हाई, थापेवर जातो. ब्रेक सोडला की गाडी आधी वीतभर मागं दगडावर बसती, मग पुढं निघती.

मागं कोण बसलंय म्हणून भागवतला इचारलं. तो म्हणला, तू काट्याकडं बघ.

७ डिसेंबर
आज परत तेच. तीच जागा, धप्प, तीन थापा. यार्डात गाडी थांबायच्या आधीच मी उतरून मागं पळलो. दांडीवर कुणी न्हाई. दांडीवरची धूळ सुद्धा मोडलेली न्हाई.

८ डिसेंबर
डोकं शांत ठेवून काम केलं. टाकी बाजूला काढली, कॅबिनमध्ये कॅन ठेवून त्यातनं डिझेल दिलं. तरी काटा पडला, म्हणजे टाकी न् तिचा पाइप चांगला. डिझेल ओढणारा फीड पंप नवा घातला, तरी पडला. पारदर्शक पाइप लावून बघितलं, हवेचा एक बुडबुडा न्हाई. अन् थापा तीनच.

योगितानं इचारलं, जेवण कावून जात न्हाई. ती म्हणली, त्या काट्याकडं बघता तेवढं माझ्याकडं बघा. मी हसलो. हसू आलं न्हाई, तोंड तेवढं हाललं.

१० डिसेंबर
भागवतनं सांगितलं. काल काय भाजी खाल्ली ते सांगावं तसं.

मागच्या हंगामात दांडीवर ऊसतोड टोळीतली मनकर्णा बसायची. डिझेलमध्ये पाणी आलतं, गाडी त्याच चढाला बंद पडली. मनकर्णानं दगड लावला, पण नीट बसला न्हाई म्हणून परत हात घातला. मागं गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजायलेले. भागवतनं थापांची वाट बघितली न्हाई. ब्रेक सोडला.

मनकर्णा चाकाखाली गेली. कागदावर बाई पाय घसरून मेली असं लिवलं गेलं. तवापासून टोळीतलं कुणी मागं बसत न्हाई. अन् दगड लागतो, थापा पडतेत. भागवत म्हणला, पहिल्यांदा लई रडलो, आता सवय झाली. ती थापा देती, मी जातो.

मला भ्या वाटाया पाहिजे होतं. वाटलं न्हाई. हातावर डिझेल वाळल्यावर कातडं बधिर होतं ना, तसं आतनं झालंय.

११ डिसेंबर
नुसता ट्रक ऊस भरून चढवला, ट्रेलर न्हाई. काटा दोनावर, हाललाच न्हाई. रिकामा ट्रेलर जोडला. निम्म्या चढाला शून्य.

दोष ट्रेलरमध्ये हाय. ट्रेलरमध्ये डिझेलचा थेंब न्हाई.

आण्णांना म्हणलं, हा ट्रेलर मोडीत घाला. ते म्हणले, ऐन हंगामात खुळा झाला का बे.

१२ डिसेंबर
आण्णांना आजच कळलं की मागं कुणी बसत न्हाई. भागवतवर लई भडकले. उद्यापासून माणूस बसल्याबिगर गाडी हालणार न्हाई, म्हणले. टोळीतलं कुणी तयार होईना. योगिता पाणी भरायलेली, तिथूनच म्हणली, मी बसते, खोलीत बसून कंटाळा आलाय. आण्णा खूश. मला म्हणली, दगडाचं काय एवढं, तुमच्या मिशीपेक्षा हलका असंल.

सगळे हसले. मी बी.

रात्री तिला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. ती झोपली. सांगितलं न्हाई.

१३ डिसेंबर, सकाळ
आता सांगतो. चहा झाला की सांगतो.

चहा झाला.

१३ डिसेंबर, दुपार. कॅबिनमध्ये
ऊस भरला. योगिता दांडीवर. पदर खोचून बसली, मला हात केला.

सपाटी – दोन.

भागवतला म्हणलं, आज थापेवर जाऊ नकू, मी बघून सांगतो. तो मान हालवतो. ऐकलं का न्हाई कळत न्हाई.

चढ – दीड.

एक.

मनात म्हणतोय पडू नकू, पडू नकू –

अर्धा.

शून्य. बंद. मागं सरकतीय –

धप्प. थांबली. दगड लागला. योगितानं लावला. बाहेर डोकं काढून बघतो –

ती खाली वाकलेली. दगड नीट बसवतीय. दोन्ही हात चाकाखाली. दोन्ही –

फळीवर थाप.

तिचे हात तर खाली हायेत –

दुसरी.

भागवतचा हात ब्रेकवर. त्याला थांब म्हणायचंय. तोंड उघडत न्हाई. हात तेवढा लिवतोय, ओरडायचं सोडून हात लिवतोय –

तिसरी.

काटा दोनावर आला. योगिता अजून चाका